उघाडीला मारलेलं बूच

आमच्याकडे पाहुणे यायचे असले की बायको हॉल आवरता आवरता शोकेसमधलं एक लोखंडी बूच उचलते आणि आत पोह्यांच्या डब्यामागे नेऊन ठेवते. बूच अंगठ्याच्या पेराएवढं आहे. त्याच्या आट्यांवर पांढऱ्या टेपच्या दोन-चार चिंध्या अजून चिकटलेल्या आहेत. ते गंजून डाग पाडत नाही, कुणाला टोचत नाही. तिचं म्हणणं एवढंच, की ते समोर दिसलं की पाहुणा विचारतो "हे काय हो?" आणि मग मी सुरू होतो. मागच्या गणपतीत तिच्या मावसबहिणीची शेवटची गाडी या बुचापायी चुकली, हे मला अजून ऐकवलं जातं.

आज पाहुणे नाहीत, बायको माहेरी गेली आहे आणि बूच समोर आहे. तेव्हा लिहूनच टाकतो.

ही गोष्ट नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची. आम्ही नुकतेच विरारला मनवेलपाड्यात राहायला आलो होतो आणि मी वसई पूर्वेला एका रेझिनच्या कारखान्यात मेंटेनन्स सुपरवायझर होतो. रेझिन म्हणजे ऑइलपेंटच्या पोटात असतो तो चिकट माल. तो बनवायला आम्हाला जवसाचं तेल लागे. तेल गेटजवळच्या टाकीत असायचं आणि ते शिजवायचं भलंमोठं भांडं, म्हणजे केटली, मागच्या शेडमध्ये. दोघांच्या मधे दोन इंची पाइप. तो कंपाउंडच्या भिंतीला लावलेल्या ब्रॅकेटांवरून, माणसाच्या डोक्याच्या थोडा वरून, असा लांबच लांब गेलेला. भिंतीच्या पलीकडे पुठ्ठ्याचे बॉक्स बनवणाऱ्याचा गाळा.

माझ्याकडे डिप्लोमा होता. हे मी मुद्दाम सांगतो, कारण त्या काळात मी ते सगळ्यांनाच मुद्दाम सांगायचो. खिशाला दोन पेनं, कमरेला टेप, आणि कारखान्यातल्या प्रत्येक व्हॉल्व्हवर माझ्या हस्ताक्षरातली पाटी. माझा एक नियम होता: तेल केटलीत घेऊन झालं की पाइपच्या दोन्ही टोकांचे व्हॉल्व्ह बंद. टाकीकडचाही आणि केटलीकडचाही. एकदा केटलीकडचा व्हॉल्व्ह गळून शेडभर तेल झालं होतं, तेव्हापासूनचा हा नियम. आणि व्हॉल्व्ह मी नुसते बंद करवून घेत नसे, वर स्वतः जाऊन चाकाला एक जास्तीचा पीळ देत असे. ही माझी सही होती.

आता दोन्ही टोकं बंद झाली की मधला पाइप तेलाने गच्च भरलेला राहतो. त्यावर ऊन पडलं की तेल फुगतं. लोखंडही फुगतं, पण तेलाच्या मानाने काहीच नाही. आत तसूभर रिकामी जागा नाही, दोन्हीकडे दारं बंद, आणि तेल काही दाबून लहान होत नाही. हे सांगितलं की ऐकणारा लगेच मान डोलावतो: "म्हणजे कुकरसारखं." नाही. कुकरमध्ये वाफ असते, वर मोकळी जागा असते, तो आधी फुसफुसतो, तुम्हाला गॅस बंद करायला वेळ देतो. काठोकाठ भरलेला पाइप असला काही शिष्टाचार पाळत नाही. हाताला चटका बसेल इतका तापला तरी त्याचं पोट फुटायच्या बेताला येतं. जाळ लागला तर बोलायलाच नको.

म्हणून त्या पाइपला मधोमध मुठीएवढी एक सेफ्टी बसवलेली होती. आत स्प्रिंग असते. दाब ठरल्यापेक्षा वाढला की ती जराशी उचलली जाते, चार थेंब तेल बाहेर जातं, दाब उतरतो, ती परत बसते. कुणी उघडावी लागत नाही, कुणी मिटावी लागत नाही. तिचं तोंड खाली वळवलेलं होतं आणि तोंडाखाली एक पत्र्याची बादली. उन्हाच्या दुपारी टप्, टप् असे थेंब पडत. त्या तेलाला मोठी मागणी होती. जवसाचं तेल क्रिकेटच्या बॅटीला लावतात, त्यामुळे कारखान्यातल्या प्रत्येकाच्या घरची, शेजारची आणि आळीतली बॅट आमच्या बादलीवर पोसलेली होती.

ही सेफ्टी ज्याची लाडकी होती तो आमचा फिटर. जूचंद्रचा, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा. सगळे त्याला मामा म्हणत, मीही म्हणे. मामा मला सायेब म्हणत, पण ज्या सुरात म्हणत त्यात "बाळा" ऐकू यायचं. नव्या माणसाला कारखाना दाखवताना मी व्हॉल्व्हचं इंग्रजी नाव, मॉडेल, स्प्रिंगचा आकडा असं सगळं सांगत असे. मग मामा मागून यायचे आणि म्हणायचे, "ही उघाडी हाय."

उघाडी हा त्यांच्या गावाचा शब्द. खाडीकाठी भातशेती आणि मिठागरं राखायला मातीचे बांध घालतात, आणि त्या बांधात एक लाकडी झाप ठेवतात. भरतीचं खारं पाणी बाहेरून आलं की झाप आपोआप मिटते, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी रेटा देतं की आपोआप उघडते. ती उघाडी.

"आमच्याकडं एकानं मासं धरायला उघाडीच्या तोंडावर जालं लावलं," मामा सांगायचे. "जाल्यात कचरा आला, उघाडी बसली गच्च. वर पाऊस. पानी काय करनार? त्यानं बांदच फोडला. मंग भरती आत. तीन वर्सं त्या शेतात भात झाला नाय. आनि मासं किती मिललं ठाव हाय? चार."

माझ्या डिप्लोम्याच्या तीन वर्षांत कुणी मला हे इतकं स्वच्छ सांगितलं नव्हतं. परीक्षेत मी याच विषयावर समीकरण लिहून पैकीच्या पैकी मार्क घेतले होते. समीकरणात मासे नव्हते, म्हणून ते लक्षात राहिलं नसावं.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा होई. आठवडाभर आधी धुणंपुसणं, पाइपांना चंदेरी रंग, मोटारींना झेंडूच्या माळा. पूजेचा चौरंग देशी बदामाच्या झाडाखाली मांडायचा, कारण सावली असलेली कारखान्यात तेवढीच जागा, आणि चौरंगापुढे ऑफिसातल्या बाई रांगोळी काढायच्या. बाई सांडोरच्या, घरची केळीची वाडी. टायपिंग त्या ठीकठाक करत, पण रांगोळी अशी की शेठ स्वतः गाडी लांब लावून चालत यायचे.

त्या वर्षी झाडाची एक फांदी तुटली होती म्हणून चौरंग थोडा सरकवला, आणि रांगोळीची जागा आली नेमकी सेफ्टीच्या तोंडाखाली. बादली बाजूला केली. आदल्या दिवशी दुपारी बाईंनी कमळ काढायला घेतलं, आणि अर्ध्या पाकळ्या भरून झाल्यावर मधोमध पडला टप् करून एक थेंब. मग दुसरा.

बाई माझ्याकडे आल्या. रागावल्या नव्हत्या, नुसत्या म्हणाल्या, "साहेब, हे उद्या शेठच्या पायावर पडायचं."

मामा रजेवर होते. त्यांच्या गावी देवीचं मोठं प्रस्थ, नवरात्राचे नऊ दिवस ते कारखान्यात फिरकत नसत. ते असते तर त्यांनी रांगोळी दोन हात सरकवायला सांगितली असती. मी डिप्लोमावाला. मी स्टोअरमधून अर्ध्या इंचाचं बूच आणलं, त्याच्यावर पांढरी टेप गुंडाळली, शिडी लावली आणि सेफ्टीच्या तोंडात ते फिरवून घट्ट बसवलं. खाली उतरून हात झटकले आणि म्हणालो, "काढा आता खुशाल. दोन दिवसांचाच तर प्रश्न आहे."

बाई म्हणाल्या, "बघा, शिकलेल्या माणसाचं हे असं असतं." ते वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

पूजा थाटात झाली. कमळ कोरडं राहिलं. दसऱ्याची सुट्टी गेली. मामा कामावर आले आणि मला बूच आठवलं. पण ते मामांच्या देखत काढायचं म्हणजे काय मारलं होतं ते सांगणं आलं. म्हटलं, जेवायला जातील तेव्हा काढू. जेवायला ते गेले तेव्हा मला शेठनी बोलावलं. दुसऱ्या दिवशी उद्या काढू म्हटलं. तिसऱ्या दिवशी आठवलंच नाही. बादली मात्र मी न विसरता जागेवर नेऊन ठेवली होती, म्हणजे पाहणाऱ्याला सगळं पहिल्यासारखं दिसावं.

आठवड्याने मामा कपाळाला आठ्या घालून आले. "सायेब, केटलीकडच्या फ्लँजच्या जोडाला तेलाचा घाम येतोय."

"गॅस्केट जुनं झालं असेल."

"नाय ओ, पावसाच्या आधी तर बदललं. असा कदी येत नाय. उघाडीतनं थेंब पडतात ना?"

बूच तिथे आहे हे मला त्या क्षणी लख्ख आठवलं. तरी मी म्हणालो, "पडतात की. बघा बादलीत."

बादलीत जुनं तेल होतंच. मामांनी लांबून पाहिलं, त्यांना ते पुरलं. मग मी दिमाखात हुकूम सोडला की फ्लँजचे बोल्ट आवळा. त्यांनी आवळले. म्हणजे बिचाऱ्या पाइपाने घुसमटून एका फटीतून श्वास घ्यायला सुरुवात केली होती, तीही मी बंद करवली, आणि ज्याची उघाडी होती त्याच्याच हातून. संध्याकाळी काढू, असं मनाशी म्हटलं. संध्याकाळपासून परतीचा पाऊस लागला, तीन दिवस ऊन पडलं नाही, पाइप थंड राहिला आणि माझं डोकंही.

चौथ्या दिवशी कडक ऊन पडलं. दुपारचं जेवण उरकून आम्ही केटली धुवायला घेतली होती, तोच बदामाच्या झाडामागून काळा धूर वर आला. पुठ्ठ्याच्या गाळ्याला आग लागली होती. कशाने लागली हे शेवटपर्यंत नीट कळलं नाही. पुठ्ठा पेटायला कारण लागतंच कितीसं! बघता बघता भिंतीवरून जाळाच्या जिभा आमच्या बाजूला डोकवायला लागल्या. गाळ्यातली माणसं आधीच रस्त्यावर आली होती. आमची माणसं मी गेटबाहेर काढली, बाईंनी अग्निशमन दलाला फोन लावला. इथपर्यंत सगळं पुस्तकात दिल्याप्रमाणे झालं, आणि ते मी केलं, हे मला आजही सांगायला आवडतं.

मोजणी करताना एक माणूस कमी भरला.

आमच्याकडे आग विझवायचं म्हणून जे काही होतं त्यात वाळूच्या चार लाल बादल्या आणि झाडांना पाणी घालायची रबरी नळी. ती नळी घेऊन मामा आत, भिंतीपाशी उभे होते. बरोबर पाइपाच्या खाली. डोक्याला ओला टॉवेल बांधलेला, आणि पाइपावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी मारत होते.

मी धावत आत गेलो. "मामा, बाहेर चला!"

"तुमी व्हा बाहेर. पाइप थंड ठेवला पायजे. फुटला तर सगळं तेल आगीवर. मंग आपलाही कारखाना गेला नि तुमी-आमी पन."

"अहो, तो डोक्यावर फुटेल!"

"कसा फुटंल?" मामा शांतपणे म्हणाले. "उघाडी हाय ना."

मी पुष्कळ ठिकाणी पुष्कळ वेळा मूर्ख ठरलो आहे आणि त्यातलं बरंचसं मी आनंदाने सांगतो. पण त्या एका वाक्याने ठरलो तितका नंतर कधी ठरलो नाही. ते तिथे उभे होते ते त्यांच्या उघाडीच्या भरवशावर. आणि उघाडीच्या तोंडात मी बसलो होतो.

"मामा, बूच आहे!"

"आँ?"

भिंतीपलीकडे बांबू फुटल्यासारखे आवाज येत होते. मी ओरडलो, "बूच! बूच मारलंय!"

आता आमच्या वसई-विरारकडे बूच मारणं याचे काय काय अर्थ होतात ते इथे लिहीत नाही. मामांना वाटलं, भीतीने सायबाचं डोकं फिरलं आणि तो शिव्या देतोय. "नंतर शिव्या द्या," ते म्हणाले, "आदी बाहेर व्हा."

मी हाताने वर दाखवलं. त्यांनी मान वर केली. सेफ्टीच्या तोंडात, चंदेरी रंगाच्या मधे, काळं बूच स्वच्छ दिसत होतं. क्षणभर त्यांच्या हातातली नळी भलतीकडेच पाणी मारत राहिली.

"कोनी?"

"मी."

शिवी आली असती तर बरं वाटलं असतं. मामांनी नळी परत पाइपावर धरली. "टाकीकडचा वॉल उघडा," ते म्हणाले. "एक आटा. जास्त नाय."

मला ते लगेच कळलं, इतका डिप्लोमा तरी उपयोगी पडला. टाकीला वर मोकळा श्वास आहे. टाकीकडचा व्हॉल्व्ह जरासा उघडला तर पाइपातलं फुगलेलं तेल मागे टाकीत जाईल. पण तोच व्हॉल्व्ह सताड उघडला आणि पाइप फुटला, तर टाकीतलं होतं नव्हतं तेवढं तेल त्याच वाटेने उलटं येऊन आगीवर पडेल. म्हणून एक आटा. आणि हात चाकावरून काढायचा नाही.

"पण तुम्ही आधी तिथून हला!"

"पानी थांबलं तर आत्ताच फुटंल. पला!"

मी पळालो. टाकी तशी आगीपासून लांब होती, झाडाच्या पलीकडे. चाकाला हात घातला. हलेना. दोन्ही हातांनी ओढलं, पाय टाकीच्या ओट्याला लावून ओढलं. एक तर पाइपातला दाब आतून व्हॉल्व्हला रेटत होता, आणि त्यावर माझा तो जास्तीचा पीळ, माझी सही. ती सही आता मलाच खोडता येईना. शेवटी ओट्यावर पडलेला मोठा पाना चाकात अडकवला आणि लोंबकळलो. लोंबकळलो हा शब्द बायकोला अतिशयोक्ती वाटतो. पण माझं तेव्हाचं वजन पाहता लोंबकळल्याशिवाय ते चाक फिरणं शक्यच नव्हतं.

कट् असा आवाज झाला आणि चाक थोडं फिरलं. मग टाकीच्या पोटात गुरगुरलं. पाइप थरथरला, मला ओट्यातून तळपायाला कळलं, आणि व्हॉल्व्हमधून सुर्र करत तेल मागे जायला लागलं. इतकं तेल त्या पाइपात जादा कुठून आलं असं वाटावं, इतका वेळ ती सुरसुर चालली.

"चाललंय!" मी ओरडलो.

"एकच आटा ना?" झाडापलीकडून आवाज आला.

"एकच!"

"हात नाय काडायचा!"

नाही काढला. मी चाक धरून उभा, आणि झाडाच्या आडून मला दिसत होती ती फक्त पाण्याची धार. धार पाइपावरून इकडून तिकडे फिरत होती. ती फिरतेय तोवर मामा आहेत, एवढं मी स्वतःला सांगत होतो. एकदा ती धुरात दिसेनाशी झाली, तेव्हा मी आत्ताच्या आत्ता बोला म्हणून ओरडलो. मामांनी जे उत्तर दिलं ते शिवीत होतं, आणि मला फार धीर आला.

अग्निशमनची गाडी यायला किती वेळ लागला? गोष्ट सांगताना मी दर वेळी त्यात पाच मिनिटं घालतो, बायको स्वयंपाकघरातून दहा कमी करते. गाडी आली, मोठ्या धारा भिंतीवरून पलीकडे गेल्या, आणि धूर काळ्याचा पांढरा झाला. जवानांनी मामांना दंडाला धरून बाहेर आणलं. भुवया करपल्या होत्या, कानाची पाळी लाल झाली होती, बाकी ठणठणीत. पाइपाचा चंदेरी रंग पापडासारखा फुगला होता. एक ब्रॅकेट वाकलं होतं. पाइप फुटला नव्हता.

सगळं निवल्यावर मामांनी शिडी मागवली, वर चढले, पाना लावून बूच काढलं आणि खाली येऊन उन्हात धरलं. बोटांत फिरवून त्याचे आटे पाहिले. मी बाजूला उभा, आता काय ते ऐकायच्या तयारीत.

"सायेब," ते म्हणाले, "टेप उलटी गुंडालली हाय."

"काय?"

"आट्याच्या उलट्या अंगानं. मी फिटर हाय, मला सांगावं लागत नाय कोनी मारलं. असली टेप या कारखान्यात तुमीच गुंडालता." मग बूच त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं. "आनि बादलीतल्या तेलावर साय धरली व्हती. येताना पायलं मी आता. जवसाला हवेत साय धरते. रोज थेंब पडला असता तर धरली नसती. त्या दिवशी मी जवल जाऊन बगितलं नाय. सायेब बोलला पडतात, म्हनून नाय बगितलं."

एवढंच. आवाज चढवला नाही. मला ती साय अजून दिसते.

आठवड्याने शेठनी सगळ्यांना अंगणात जमवलं. शेठ मनाने मोठे आणि बोलण्याने त्याहून मोठे. त्यांनी खुर्चीवर दोन शाली, दोन नारळ मांडले होते. "आज मी सांगतो," ते म्हणाले, "आपला इंजिनीयर नसता, त्याने टाइमावर तो व्हॉल्व्ह उघडला नसता, तर आज इथे काय होतं? राख!" टाळ्या पडल्या. शेठनी शाल उचलली.

मामा समोरच उभे होते, बर्नॉल लावलेला कान घेऊन, आणि तेही टाळ्या वाजवत होते. त्यांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं. माझी खात्री आहे, ते कधीच सांगणार नव्हते. ते पाहिलं आणि माझ्याच्याने ती शाल अंगावर घेववेना. तशी ती मला आवडली होती, निळी होती.

"शेठ, शाल मामांना द्या. दोन्ही. मला नको."

"अरे, कशाला लाजतो?"

"उघडायची वेळ आली ती माझ्यामुळे आली. सेफ्टीला बूच मी मारलं होतं. मामांनी विचारलं तर थेंब पडतात म्हणून खोटंही मीच सांगितलं."

बाई पुढे आल्या, चेहरा उतरलेला. "शेठ, माझ्या रांगोळीसाठी मारलं त्यांनी. मीच म्हटलं होतं थेंब पडतोय."

"बाई, तुम्ही थेंब दाखवलात. बूच मारायची अक्कल माझी."

शेठनी शालीची परत घडी घातली आणि ती खुर्चीवर ठेवली. मला वाटलं, गेली नोकरी. घरी मनवेलपाड्याला जाऊन काय सांगायचं याची जुळवाजुळव मी मनात सुरूही केली. शेठ म्हणाले, "अजून कुठे कुठे मारलीयत बुचं?"

लोक हसले. शेठ हसत नव्हते. "मी विचारतो ते खरं विचारतो. जा, बघ. मामांना घेऊन जा. आणि ते जे म्हणतील ते लिहून घे."

आम्ही दोन दिवस सगळा कारखाना पालथा घातला. माझं बूच आणखी कुठे नव्हतं, पण एका सेफ्टीवर खंडेनवमीच्या चंदेरी रंगाचे इतके थर चढले होते की तिची दांडी जागची हलेना. दुसरीच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं. मामांनी दोन्ही उतरवून साफ केल्या आणि मी टेप गुंडाळायला पुढे झालो तर टेप माझ्या हातातून काढून घेतली. आमच्या त्या सेफ्टीचं तोंड मामांनी नव्या पाइपाने थेट टाकीच्या माथ्यावर नेऊन जोडलं, वेल्डिंग करून, म्हणजे थेंबही टाकीतच आणि बूच मारायला तोंडच नाही. आळीतल्या बॅटींचे हाल झाले, पण त्याला इलाज नव्हता. पाटी लिहायचं काम माझं. मी नेहमीप्रमाणे इंग्रजी नाव आणि मॉडेल लिहायला घेतलं.

"वाचनार कोन?" मामांनी विचारलं.

मी पाटी पुसली आणि पिवळ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलं: उघाडी. पुढे सरकारी तपासणीला आलेल्या साहेबांनी ते वाचून "हा काय प्रकार?" विचारलं, तेव्हा मी त्यांना बांध, भरती, जाळं आणि चार मासे असं सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ऐकलं. त्यांची शेवटची गाडी चुकली नाही, एवढं बायकोने लक्षात घ्यावं.

पुढल्या वर्षीची खंडेनवमी आली. मामा देवीचं गाव सोडून यायचे नाहीत, हे ठरलेलं. पण पूजेच्या वेळी बघतो तर पांढरा शर्ट घालून, कपाळाला मळवट लावून मामा गेटातून येत होते.

"रजा घेतलीत ना?"

"घेतली. तासाभरासाठी आलो. बगायला."

"काय बघायला?"

"तुमी मोकले असता या दिवसांत."

बाईंनी कमळच काढलं होतं. मधोमध मात्र त्यांनी बादलीएवढी गोल जागा कोरी सोडली होती. का, असं शेठनी विचारलं तर बाई गडबडल्या. म्हणाल्या, "तिथे बादली असते ना." मग आता बादली नसतेच, हे त्यांच्याच लक्षात आलं आणि त्या हसत सुटल्या. जागा तशीच राहिली.

आरती झाली. शिरा वाटला. मामांनी आपली पत्रावळ घेतली, सावली बघत बघत गेले आणि भिंतीला पाठ टेकून त्याच पाइपाखाली मांडी घालून बसले. वर एकदाही पाहिलं नाही. मी पत्रावळ हातात घेऊन आधी टाकीपाशी गेलो, मग भिंतीच्या कडेने पाइपावर हात फिरवत उघाडीपर्यंत आलो. पिवळी पाटी वाचली. नव्या पाइपाचा जोड बोटाने चाचपला. कोरडा होता, मोकळा होता.

"झालं बगून?" मामांनी खालून विचारलं. "शिरा थंड होतोय."

मी त्यांच्या शेजारी बसलो.